'गिअरबॉक्स गेला' म्हणजे नक्की काय गेलं?

हा शनिवार मी एका शब्दावर राग काढण्यासाठी राखून ठेवलाय. शब्द आहे 'गेला'. गिअरबॉक्स गेला, कंप्रेसर गेला, ईसीयू गेला, मदरबोर्ड गेला. म्हणणारा जागचा उठलेला नसतो, हातात पाना नसतो, मीटर तर नसतोच. नाडी न बघताच मृत्यूचा दाखला! आणि आपण, चांगले इंजिनियर वगैरे झालेले लोक, तो दाखला हातात घेऊन मुकाट्यानं एटीएमकडे चालायला लागतो.

तर झालं असं. आमच्या घरी २००८ सालची एक सेडान आहे. ऑटोमॅटिक, पाच गिअर, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. बाबांनी ती घेतली तेव्हा अख्ख्या सोसायटीनं त्यांना वेड्यात काढलं होतं, 'अहो, ॲव्हरेज काय देणार ती?' पण बाबांचा डावा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरत होता, आणि आता तर शस्त्रक्रिया झाल्यावर क्लच दाबणं विसराच. सांगायचा मुद्दा, ही गाडी म्हणजे बाबांचं बाहेरचं जग आहे. आईला फिजिओथेरपीला नेणं, मंडई, साताऱ्याला आत्याकडे जाणं, सगळं हिच्यावर. २०२३ मध्ये १५ वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, फिटनेस करून पुन्हा पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. मी म्हटलं होतं, कॅब करत जा ना. त्यावर बाबा फक्त एवढंच म्हणाले, "तू हिंजवडीला कॅबनं जातोस, तेव्हा किती शिव्या घालतोस ते ऐकलंय मी."

डिसेंबर २०२४. बाबा आणि आई साताऱ्याला निघालेले. संध्याकाळची वेळ, दिवे लागलेले, एसी चालू. खंबाटकीचा घाट चढताना गाडीनं एक जोरात हिसका दिला, डॅशबोर्डवरचा डी चा दिवा मिचमिचायला लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. ॲक्सिलरेटर दाबा, गाडी हुंकार देते पण वेग काही घेत नाही. मागे ट्रकांची रांग आणि हॉर्न. बाबांनी कडेला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली. एकदम ठीक! दुसऱ्या दिवशी पुण्यात आले आणि आठवड्याभरात विद्यापीठ चौकात पुन्हा तोच प्रकार.

आता निकाल ऐका.

निकाल पहिला, मोठं चकाचक वर्कशॉप, कॉफीचं मशीन वगैरे: "सर, गिअरबॉक्स गेला. असेंब्ली बदलावी लागेल. दोन लाख ८५ हजार, पार्ट यायला सहा आठवडे." निकाल दुसरा, घराजवळचं गॅरेज: "ओव्हरहॉल करू. एक लाख दहा हजार, उघडल्यावर थोडं कमीजास्त." (हे 'कमी' आजवर कुणी पाहिलंय का?) निकाल तिसरा, जुन्या गाड्यांचा व्यापारी: "१६ वर्षांची गाडी, काका. विकून टाका, ७० हजार काढून देतो."

तीन माणसं, तीन निकाल, आणि तिघांपैकी एकानंही एक साधा प्रश्न विचारला नाही: हे कधी होतं?

अरे, आपण ऑफिसात कुणी येऊन 'ॲप चालत नाही' म्हटलं तर काय विचारतो? कुठल्या मशीनवर, कुठल्या व्हर्जनवर, दरवेळी होतं का अधूनमधून, शेवटचा बदल काय केला होता. हे न विचारता कुणी 'सर्व्हर नवीन घ्या' म्हणाला तर त्याला मीटिंगमधून उठवू. मग गाडीच्या बाबतीत आपली अक्कल चहा प्यायला जाते का?

आता जरा माझीही पापं मोजतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शहाणा फक्त दुसऱ्याला शिव्या देतोय.

पाप पहिलं. घाटाच्या प्रसंगाआधी महिनाभर बाबा म्हणत होते, "अरे, सकाळी सेल्फ जरा जड फिरतोय." मी न बघता म्हणालो, बॅटरी गेली. (बघा! तोच शब्द.) ५,६०० रुपयांची नवी बॅटरी आणली. सेल्फ थोडे दिवस बरा फिरला, मी खुश.

पाप दुसरं. ब्लूटूथवाला एक स्वस्तातला स्कॅनर घेतला. त्यानं पी०७०० असा कोड दाखवला. हा कोड म्हणजे आपल्या वेबसाइटचा एरर ५०० समजा. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे, खरी भानगड आतल्या खोलीत जाऊन विचारा. माझ्या खेळण्याला आतली खोली उघडता येत नव्हती. दुसऱ्या गॅरेजच्या स्कॅनरवर खरा कोड मिळाला: पी०७५८, शिफ्ट सोलेनॉइड बी, इलेक्ट्रिकल. मी लगेच निष्कर्ष काढला, सोलेनॉइड गेला! नशिबानं तो बाहेरून बसणारा होता. ७,२०० चा सोलेनॉइड, दोन हजार मजुरी. जानेवारीत बसवला. तीन आठवडे गाडी सरळ चालली. मी मित्रांमध्ये भाव खाऊन घेतला. फेब्रुवारीत पुन्हा हिसका, पुन्हा डी चा दिवा.

कोड नीट वाचला असता तर कळलं असतं. कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. त्या सर्किटमध्ये सोलेनॉइड आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, कंट्रोलर आहे, आणि अर्थ पण आहे. स्टॅक ट्रेसमध्ये ज्या फाइलचं नाव शेवटी आलं तीच दोषी, असं मानणाऱ्या फ्रेशरला मी स्वतः किती झापलंय!

मार्चमध्ये ऑफिसातल्या एकानं स्वारगेटच्या मागचे एक मिस्त्री सांगितले. साठीच्या आसपासचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. पहिल्याच वाक्यात म्हणाले, "साहेब, तपासायचे पंधराशे रुपये होतील. काम माझ्याकडून करा नाहीतर कुठंही करा, पंधराशे द्यावे लागतील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नुसतं बघायचे पंधराशे?"

मित्रहो, हा सगळा लेख या एका वाक्याबद्दल आहे. बाबांना दोष देत नाही, माझ्याही मनात अगदी तेच आलं होतं. पण ते पुढे.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. थंड असताना होतं का गरम झाल्यावर? दिवे, एसी लावल्यावर फरक पडतो का? रिव्हर्स नीट लागतो का, चढावर मागे घेताना घसरते का? आणि सेल्फ कसा मारतो?

"जड फिरतो," बाबा म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो याला." मी बुटाकडे पाहत उभा राहिलो.

मग ऑइल बघितलं. आमच्या गाडीत ते इंजिन गरम आणि चालू, सपाट जागा, पी मध्ये, असं बघतात. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत इंजिन बंद करून बघायचं असतं, काहींत डिपस्टिकच नसते, ठरावीक तापमानाला लेव्हलचा बोल्ट उघडून बघतात. मॅन्युअल वाचा! ऑइल लालचं तपकिरी झालेलं होतं पण जळका वास नव्हता. जळका वास असला की क्लचच्या प्लेटा करपल्या असा संशय घ्यायचा. ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट आत शिरलंय, कारण बऱ्याच गाड्यांत या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. मग ड्रेन बोल्टचा लोहचुंबक पाहिला. त्यावर राखाडी पातळ लगदा होता, तो झिजेचा, चालतो. चमकदार धातूचे तुकडे नव्हते. ते असते तर मात्र मिस्त्री म्हणाले, "खर्चाची तयारी ठेवा म्हटलं असतं."

रिव्हर्सचा प्रश्न का? कित्येक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स आणि वरचा एखादा गिअर एकाच क्लचवर चालतात. तो वरचा गिअर घसरतोय पण रिव्हर्स चढावर घट्ट धरतोय, तर तो क्लच संपलेला असण्याची शक्यता कमी होते. कुठला गिअर कुठल्या क्लचवर याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. म्हणजे बघा, काहीही न उघडता अर्धे संशयित घरी पाठवता येतात. आपण याला बायनरी सर्च म्हणतो आणि मुलाखतीत विचारतो.

मग मीटर निघाला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं गिअरबॉक्सच्या केसिंगवर. दोन्ही अर्थच, म्हणजे आकडा जवळपास शून्य हवा. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, पंखा, मागच्या काचेची जाळी सगळं लावलं: १.४ व्होल्ट. सेल्फ मारला: दोनच्या वर. मिस्त्रींनी हात घालून अर्थची तार हलवली, आकडा नाचायला लागला. विणलेली तार, निम्मे तंतू तुटलेले, बोल्टखाली हिरवा गंज.

झालं. चाळीस मिनिटं.

आता सगळे ठिपके जोडा. अर्थ कच्चा, म्हणून सेल्फ जड. मी बॅटरी बदलली, टर्मिनल साफ झाले, थोडे दिवस झाकलं गेलं. घाटात रेडिएटरचा पंखा पूर्ण जोरात, एसी चालू, दिवे चालू, म्हणजे त्या कच्च्या तारेतून करंट जास्त आणि व्होल्टेजची गळती जास्त. वर तांब्याचा गुणधर्म असा की तापलं की रोध वाढतो. सोलेनॉइडची कॉइल २० अंशांवरून १०० वर गेली तर तिचा रोध साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. व्होल्टेज कमी, रोध जास्त, करंट कुठून येणार? त्यात तारेचा संपर्क मधेच तुटतो. कंट्रोलरला वाटतं सोलेनॉइडचं सर्किटच तुटलं. तो सोलेनॉइडची वीज तोडतो आणि गाडी एका ठरावीक गिअरमध्ये ठेवतो, निदान घरापर्यंत तरी जाता यावं म्हणून. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना चालणं. आणि गाडी बंद करून चालू केली की पुन्हा तपासणी, पुन्हा सगळं ठीक. आपलं लाडकं रीस्टार्ट! म्हणजे गिअरबॉक्स 'गेला' नव्हताच. तो नियमानुसार वागत होता, आणि आम्ही त्याला अंत्यविधीला न्यायला निघालो होतो.

नवी तार ४५० रुपये, मीच नाना पेठेतून आणली. बसवल्यावर तेच मोजमाप ०.०५ व्होल्ट. ऑइल बदललं, २,४०० रुपये, मजुरी ८००. तपासणीचे पंधराशे धरून एकूण ५,१५०. आणि माझ्या दोन पापांचा हिशोब १४,८००. दोन लाख ८५ हजारांचं तर सोडूनच द्या.

आता मुख्य भांडण. हे भांडण गॅरेजवाल्यांशी कमी आणि तुमच्या-माझ्याशी जास्त आहे.

गॅरेजवाला पार्ट का बदलतो? कारण त्याचेच पैसे आपण देतो. त्यानं दोन तास डोकं लावून ४५० ची तार शोधली, तर आपण त्याच्या हातावर किती टेकवतो? 'काय, तारच तर बदललीत!' म्हणून घासाघीस करतो. तोच माणूस एक लाखाचा ओव्हरहॉल करतो तेव्हा आपण त्याला पेढे देतो. मग तो तार कशाला शोधेल? ज्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत ती गोष्ट बाजारातून नाहीशी होते. निदान करणारे मिस्त्री कमी झाले असतील तर ते आपणच उपाशी ठेवून कमी केलेत.

डॉक्टरनं औषध दिलं नाही, 'काही नाही, पाणी जास्त प्या' म्हणाला, तरी आपण त्याची फी देतो. क्लायंटला आपण रूट कॉज ॲनालिसिसचे तास लावून बिल पाठवतो, आणि त्या तासांत कधीकधी एक ओळ बदललेली असते. एका ओळीचे पैसे लावले असं क्लायंट म्हणाला तर आपल्याला किती लागतं! मग मीटर हातात धरलेल्या माणसाची बुद्धी फुकट, आणि लॅपटॉप हातात धरलेल्याची तासावर, हा कुठला न्याय? कपडे कमी काळे असतात म्हणून?

आता तुमचे आक्षेप.

"अरे, पण खरंच गेलेले गिअरबॉक्सही असतात." असतात की. प्लेटा करपतात, पंप झिजतो, व्हॉल्व्ह बॉडी झिजून प्रेशर गळतं. आमच्याही गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बारीकसा धक्का राहिलाच आहे. मिस्त्री स्पष्ट म्हणाले, "प्लेटा थोड्या झिजल्यात. चालेल अजून, पण गॅरंटी मी देणार नाही." मला हेच हवंय! ऑइल, कोड, व्होल्टेज, लाइन प्रेशर मोजून मग कुणी म्हणाला की गेला, तर मी ओव्हरहॉलचे पैसे देईन. माझं भांडण निकालाशी नाही, खटला न चालवता दिलेल्या निकालाशी आहे.

"आम्हाला वेळ कुठंय?" सहा आठवडे पार्टची वाट बघायला आहे, आणि एक शनिवार नाही?

"ऑइल लाइफटाइम आहे, हात लावायची गरज नाही असं सांगतात." कुणाच्या लाइफटाइमपर्यंत ते विचारा. ऑइल उष्णतेनं थकतं, झिजेचा कचरा त्यातच फिरतो. ज्याला गाडी वॉरंटीपुरती चालवायची त्याचं जाऊ द्या, पण १५ वर्षं चालवायची असेल तर बदलावं लागतं. आणि एकदा ड्रेन केल्यावर सगळं निघत नाही, बरंच जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, हेही माहीत असू द्या.

"माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, मलाही हेच लागू?" आधी तुमची ऑटोमॅटिक कुठली ते शोधा. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि ऑटोमॅटिक आपल्या बजेटमध्ये शिरली. पण एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर टाकणारा हात तेवढा यंत्राचा. तिचे हिसके वेगळे, क्लच प्लेटची झीज वेगळी. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असतात, आणि तिचं ऑइल वेगळं. त्यात साधं एटीएफ ओतलंत तर मात्र खरंच 'जाईल'. ड्युअल क्लचचा खेळ आणखी निराळा. आपल्या फोनचा प्रोसेसर कुठला ते पाठ असतं, दहा लाखांच्या गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे ते माहीत नसतं. कमाल आहे.

तर यापुढे जुनी ऑटोमॅटिक रुसली तर एवढं करा. आधी वहीत लिहा: थंड का गरम, कितव्यातून कितव्यात, चढ का सपाट, एसी-दिवे चालू का बंद, बंद करून चालू केल्यावर काय होतं. ऑइल बघा, वास घ्या. कोड वाचून घ्या, खोडू देऊ नका. बॅटरी, अर्थ, कनेक्टर मोजून घ्या. इंजिन मिसफायर करतंय का, माउंटिंग तुटलंय का, तेही बघा, कारण तुटलेल्या माउंटिंगचा हिसका हुबेहूब गिअरबॉक्ससारखा वाटतो. 'गेला' म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, "काय मोजलंत?" आणि मोजणारा भेटला तर त्याच्या मोजण्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

त्यानंतर बाबा त्याच गाडीनं दोनदा साताऱ्याला जाऊन आले. पहिल्या खेपेला निघताना मी म्हटलं, काही झालं तर फोन करा. त्यांनी सेल्फ मारला, गाडी पटकन चालू झाली. काच खाली करून म्हणाले, "ऐकतोयस ना? जड फिरत नाहीये आता."

मिस्त्रींना मी पंधराशेच दिले. वर आणखी पाचशे द्यायला हवे होते असं मला घरी आल्यावर सुचलं. पुढच्या शनिवारी ऑइल बघून घ्यायला जाणार आहे, तेव्हा देईन.